मनाचे आजार आणि उपचारांची मुदत : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतले आजार वेगवेगळे असले, तरी बहुतेकांचा खरा प्रश्न मुदतीचा आहे. किती दिवस उदास वाटले म्हणजे आजार समजायचा, गोळीचा गुण कधी येणार आणि बरे वाटू लागल्यावर ती कधी बंद करायची, असे वाचक विचारतात. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय कोणाचेही निदान करता येत नाही आणि डोसही ठरवता येत नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने ही माहिती दिली आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. नोकरी गेल्यापासून, म्हणजे जवळपास तीन महिने, तो कोणाशी नीट बोलत नाही. पहाटे चारला जागा होतो, जेवणावर वासना नाही आणि एरवी रोज वाजवायचा ती गिटारही त्याने कपाटावर टाकून दिली आहे. वडील म्हणतात, नोकरी गेल्यावर कोणालाही वाईट वाटणारच. मला मात्र हे नैराश्य वाटते. फरक कसा ओळखायचा?

उत्तर : वाईट वाटणारच, हे वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, पण कारण समजले म्हणजे आजार नाही, असे त्यातून निघत नाही. पाय घसरून पडल्यामुळे हाड मोडले, तर कारण माहीत आहे म्हणून आपण प्लास्टर घालायचे टाळत नाही. नैराश्याचे निदान करताना डॉक्टर कारणापेक्षा तीन गोष्टींकडे अधिक पाहतात : लक्षणे कोणती आहेत, ती किती दिवस टिकली आहेत आणि त्यामुळे माणसाचे रोजचे जगणे किती अडले आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक लक्षण असावेच लागते. त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, स्वतःला निकामी किंवा अपराधी समजणे आणि मृत्यूचे विचार, यांतली काही लक्षणे असतात. एकूण पाच लक्षणे असणे, हा निदानाचा रूढ निकष आहे. तुमच्या पत्रात झोप, भूक आणि आवड या तिन्ही गोष्टी गेल्याचे दिसते, आणि दोन आठवड्यांची मर्यादा तर केव्हाच उलटली आहे. नुसत्या दुःखात माणूस अधूनमधून सावरतो, जुना मित्र भेटला की थोडा वेळ हसतो. नैराश्यात ती उघडीप फारशी मिळत नाही. काही जण, विशेषतः पुरुष, उदास दिसण्याऐवजी चिडचिडे होतात किंवा अंगदुखीच्या तक्रारी घेऊन दवाखाने पालथे घालतात.

पहिल्या भेटीत डॉक्टर थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या सांगतील, कारण यांतल्या बिघाडामुळेही असेच चित्र दिसू शकते. आजार सौम्य असेल तर नुसत्या मानसोपचारानेही गुण येतो. आरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या बोधनिक वर्तनोपचारात, ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ यांसारख्या विचारांची पुराव्यानिशी तपासणी करायला शिकवतात आणि त्याबरोबरच दिवसाला पुन्हा आकार देतात. इच्छा होईल तेव्हा गिटार वाजवायची, असे त्यात नसते. संध्याकाळी सहाला दहा मिनिटे वाजवायची, मग इच्छा असो वा नसो. हुरूप आधी आणि कृती नंतर, हा क्रम नैराश्यात चालत नाही. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर औषधे लागतात, आणि औषधे व मानसोपचार दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या सर्वांना आधीच माहीत असावी. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा किंवा अधिकही. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. गुण नाही आणि त्रास मात्र आहे, अशा या काळातच अनेक जण गोळ्या सोडून देतात आणि ‘औषध लागू पडले नाही’ असे सांगत फिरतात. हे त्रास बहुधा आपोआप ओसरतात. पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे विशेष लक्ष ठेवावे लागते. आजाराची पहिलीच वेळ असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही गोळ्या किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो.

शेवटचे आणि सर्वांत निकडीचे : ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ हे त्याला सरळ विचारा. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे ठेवू नका, घरातली घातक साधने आणि औषधांचा साठा त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझ्या पतीला गेल्या चार महिन्यांत तीनदा अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणे आणि हातापायांना मुंग्या असा त्रास झाला. प्रत्येक वेळी रात्री रुग्णालयात धावलो. ईसीजी आणि रक्ततपासण्या व्यवस्थित आल्या आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवले. आता ते लिफ्टमध्ये जायला आणि एकट्याने गाडी चालवायला घाबरतात.

उत्तर : ‘काही झालेले नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हृदयविकार नाही, हे खरे. पण हा त्रास खोटा नाही. वर्णनावरून हे पॅनिक ॲटॅक असावेत. धोक्याच्या वेळी शरीर जी तयारी करते, तीच येथे धोका नसताना होते, आणि ती लक्षणे पाहून ‘आता मी मरणार’ असे वाटल्याने ती आणखी वाढतात. असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि पुढच्या अर्ध्या तासात बहुधा ओसरतो. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी करून घेतली ते योग्यच झाले. थायरॉईडही तपासावे आणि कॉफी किती होते ते पाहावे. त्याच तपासण्या वारंवार करत राहिल्याने मात्र शंका मिटत नाही, ती पोसली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ९७ कोटी लोकांना कोणता ना कोणता मनोविकार होता आणि त्यांत चिंताविकारांचा वाटा सर्वांत मोठा होता, तेव्हा तुमचे पती एकटे नाहीत. उपचार चांगले आहेत. मानसोपचारात थेरपिस्ट मुद्दाम तीच लक्षणे निर्माण करायला लावतात : जागच्या जागी धावणे, खुर्चीत गोल फिरणे, नळीतून श्वास घेणे. धडधड आपण स्वतः आणू शकतो आणि ती आपोआप जाते, हे शरीराला कळले की तिची दहशत कमी होते. लिफ्ट आणि गाडी यांच्याकडेही पायरीपायरीने परतायचे असते, कारण टाळल्याने भीती मुक्कामाला राहते. गोळ्या दिल्या तर त्या नैराश्यावर वापरतात त्याच गटातल्या असतात. फक्त डोस अगदी थोडा ठेवून सुरुवात करतात.

प्रश्न : मी २१ वर्षांची विद्यार्थिनी आहे. बहिणीचे बाळ मांडीवर घेतले की, माझ्या हातून त्याला इजा होईल, असा भयंकर विचार येतो. मी घरातल्या सुऱ्या लपवते, बाळाजवळ जात नाही आणि विचार आला की मनात शंभरपर्यंत आकडे मोजते. आईला दिवसातून दहादा विचारते, ‘मी असे करणार नाही ना?’ मी वाईट मुलगी आहे का? हे डॉक्टरांना सांगितले तर ते पोलिसांना कळवतील का?

उत्तर : तुम्ही वाईट नाही आणि डॉक्टर पोलिसांना कळवणार नाहीत. असे विचार घेऊन येणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. तुमच्या वर्णनावरून हा ओसीडी, म्हणजे ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात, तो विकार असण्याची दाट शक्यता आहे. या विकारातले विचार माणसाच्या इच्छेच्या आणि मूल्यांच्या नेमके विरुद्ध असतात. बाळ तुम्हाला जिवापाड आवडते, म्हणूनच हा विचार एवढा भेडसावतो. नकोसे, विचित्र विचार बहुतेक सगळ्यांच्या मनात कधीतरी चमकून जातात. इतर जण ते झटकून पुढे जातात. ओसीडी असलेला माणूस मात्र ‘हा विचार आलाच कसा?’ येथे अडकतो.

ओसीडी म्हटले की लोकांना सतत हात धुणारा किंवा कुलूप दहादा ओढून पाहणारा माणूस आठवतो. तुमच्यासारख्यांचे विधी, म्हणजे चिंता उतरवण्यासाठी पुन्हा पुन्हा केलेल्या कृती, बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे निदानाला वर्षानुवर्षे लागतात. मनात आकडे मोजणे हा विधीच आहे. सुऱ्या लपवणे आणि आईला पुन्हा पुन्हा विचारणे हेही विधीच. विचार आला की चिंता वाढते, विधी केला की ती घटकाभर उतरते, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी विधी करण्याची ओढ अधिक बळकट होते. आई प्रेमाने ‘नाही गं, तू असे कसे करशील’ म्हणते, पण त्यामुळे तीही नकळत या चक्राचा भाग होते. आईला हा परिच्छेद वाचायला द्या. तुम्हीही या उत्तराचे पहिले वाक्य रोज काढून वाचू नका. एकदा वाचले, पुरे झाले.

या विकारावरचा सर्वांत परिणामकारक मानसोपचार म्हणजे भीतीला सामोरे जाणे आणि त्या वेळी विधी न करणे. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीने उपचार केलेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि पुढे ती पद्धत विकसित होत गेली. प्रत्यक्षात तुम्ही आणि थेरपिस्ट मिळून एक शिडी तयार कराल. खालच्या पायरीवर तो विचार कागदावर लिहून मोठ्याने वाचायचा. पुढच्या पायरीवर सुरी टेबलावर उघडी ठेवून शेजारी बसायचे. मग बहीण खोलीत असताना बाळाला मांडीवर घ्यायचे. आणि सर्वांत वरच्या पायरीवर बाळ जवळ असताना एकटीने भाजी चिरायची. प्रत्येक पायरीवर चिंता चढेल, पण आकडे मोजायचे नाहीत आणि कोणाला विचारायचेही नाही. विधी न करताही चिंता सोसता येते आणि ती उतरते, हा अनुभव स्वतः घेतल्याशिवाय पटत नाही. माझ्या सांगण्याने तर मुळीच नाही. विचार दाबून टाकण्याचा प्रयत्न मात्र करू नका, तो दुप्पट जोराने परत येतो. औषधांचाही उपयोग होतो, पण या विकारात नैराश्यापेक्षा बहुधा जास्त डोस लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे थांबावे लागते. चौथ्या आठवड्यात निराश होऊन डॉक्टर बदलू नका.

प्रश्न : माझ्या ३२ वर्षांच्या मुलाला बायपोलर विकार (कधी नैराश्य, तर कधी उन्माद म्हणजे मनाची कमालीची तेजी) आहे. चार वर्षे तो लिथियम घेतो आणि या काळात एकदाही आजार उलटलेला नाही. आता तो म्हणतो, मी बरा आहे तर गोळी कशाला? मूत्रपिंड खराब होते असेही त्याने कुठेतरी वाचले आहे. गोळी बंद करावी का?

उत्तर : तो बरा आहे तो बहुधा गोळीमुळे, हे त्याला पटवणे कठीण असते, कारण चार वर्षांत काहीच घडलेले नाही आणि न घडलेली गोष्ट दाखवता येत नाही. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा गुण येतो हे दाखवले. त्यानंतर इतकी औषधे आली, तरी हा आजार उलटू नये यासाठी लिथियमचा भरवसा आजही मोठा आहे; आत्महत्येचा धोका कमी करण्यातही त्याचा उपयोग दिसून आला आहे.

मूत्रपिंडाची भीती निराधार नाही, पण तिचे उत्तर गोळी सोडणे हे नसून तपासणी चुकवू नये हे आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन लिथियमची पातळी मोजतात; ती साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल एवढी ठेवतात. त्याबरोबर मूत्रपिंड, थायरॉईड आणि कॅल्शियम यांच्या तपासण्या साधारण दर सहा महिन्यांनी होतात. सकाळी रक्त द्यायचे असेल त्या दिवशी सकाळची गोळी आधी घेऊ नये. एवढ्या चुकीनेही आकडा फसवा येतो. जुलाब, उलट्या, ताप किंवा खूप घाम यांमुळे अंगातले पाणी कमी झाले की पातळी धोकादायक वाढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबावरची काही औषधे यांनीही ती वाढते, म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मी लिथियम घेतो’ हे आधी सांगायचे. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, उलट्या, गुंगी ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसली तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालयात जावे.

बंद करण्याबद्दल. आजार पूर्वी किती वेळा आणि किती तीव्रतेने आला, यावर निर्णय ठरतो, आणि तो डॉक्टरांनी मुलाशी बोलूनच घ्यावा. तीव्र उन्मादाचे झटके एकाहून अधिक वेळा आलेल्या रुग्णाला मी तरी चार वर्षांत गोळी सोडायला सांगणार नाही. सोडायचीच ठरली तर किमान चार आठवडे, शक्य तर तीन महिने घेऊन ती कमी करावी, कारण एकदम बंद केल्यास उन्माद लवकर उलटण्याचा धोका बराच वाढतो. या आजारात नुसत्या नैराश्यावरच्या गोळ्या घेतल्या तर माणूस उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. आणि मुलाला एकदा विचारा, की त्याला त्या तेजीच्या दिवसांची आठवण येते का? तीन तास झोपून ताजेतवाने वाटण्याचे, डोक्यात कल्पनांची गर्दी असण्याचे ते दिवस अनेक रुग्णांना मनातून हवे असतात. मूत्रपिंडाचे कारण पुष्कळदा वरवरचे असते. त्यावर मोकळेपणाने बोलणे झाले तरच गोळी टिकते. तो चांगला असतानाच त्याच्या हाताने लिहून घ्या, की झोप कमी होऊनही थकवा नाही, खर्च वाढला, बोलणे थांबेना, असे दिसले तर घरच्यांनी काय करावे.

प्रश्न : माझी २४ वर्षांची बहीण म्हणते की शेजारचे लोक भिंतीपलीकडून तिच्याबद्दल बोलतात आणि तिच्यावर पाळत ठेवतात. डॉक्टरांचे नाव काढले तरी ती चिडते. काय करावे?

उत्तर : कोणी नसताना आवाज ऐकू येणे आणि पाळत असल्याची पक्की खात्री असणे ही सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याची, लक्षणे आहेत. त्यामागे स्किझोफ्रेनिया असू शकतो, तसेच तीव्र नैराश्य, उन्माद, गांजासारखी नशा किंवा मेंदूचा एखादा आजारही असू शकतो. म्हणून तपासणी हवी आणि ती लवकर हवी. उपचार जितके लांबतात तितके बरे होणे अवघड जाते. तिच्याशी वाद घालू नका आणि ‘हो, मलाही ऐकू येते’ असेही म्हणू नका. ‘तुला खूप भीती वाटत असेल, झोपही येत नाही’ असे म्हणून झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊ या, असा मार्ग काढा; त्यात खोटे काहीच नाही. तरीही ती तयार नसेल तर तुम्ही एकट्याने जाऊन सल्ला घ्या. ती स्वतःला किंवा इतरांना इजा करील असे वाटले, किंवा तिने खाणेपिणे सोडले, तर ही तातडीची वेळ समजून तिला रुग्णालयात न्या.

१९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले तेव्हापासून या आजाराचे रूप बदलले. आजच्या औषधांनी आवाज आणि संशय बहुतेकांत कमी होतात, मात्र वजन व रक्तातली साखर वाढू शकते, त्यामुळे त्यांवर लक्ष ठेवतात. पहिल्या झटक्यानंतरही औषध किमान एक-दोन वर्षे लागते. रोजची गोळी टळत असेल तर महिन्याला एक याप्रमाणे घेता येणारी इंजेक्शनेही आहेत. दोन औषधे पुरेशा डोसात आणि पुरेसे दिवस देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिन या औषधाचा विचार करतात. त्यासाठी पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी लागते, पण इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी त्याच्या तोडीचे औषध नाही. तुमच्या आईवडिलांच्या वळण लावण्यामुळे हे झाले, असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नका.

प्रश्न : मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांपैकी आधी कोणाकडे जावे?

उत्तर : मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषधे लिहून देतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या आणि मानसोपचार करतात, समुपदेशक नातेसंबंध, अभ्यास, ताण अशा अडचणींत मदत करतात. भास, संशय, उन्माद, आत्महत्येचे विचार किंवा खाणे-झोपणे पार बिघडलेले असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. एरवी कोणाकडूनही सुरुवात केली तरी चालते. चांगला समुपदेशक गरज पडताच पुढे पाठवतो.

प्रश्न : मी वर्षभर रोज रात्री झोपेची गोळी घेतो. आता एकीने भागत नाही, दोन लागतात. उद्यापासून बंद करायचे ठरवले आहे.

उत्तर : उद्यापासून मुळीच करू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्या असतात. वर्षभर घेतल्यावर त्या एकदम थांबवल्या तर तीव्र घबराट, थरथर आणि फिट्सही येऊ शकतात. तुमची गोळी नेमकी कोणती, हे पाकीट नेऊन डॉक्टरांना दाखवा. सर्वसाधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी डोस पाच-दहा टक्क्यांनी उतरवत जातात, म्हणजे पूर्ण बंद व्हायला काही महिने लागतात. या काळात मद्य अजिबात नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. मुळात झोप का उडाली हेही तपासून घ्या, कारण त्यामागे उपचार न झालेले नैराश्य किंवा चिंता पुष्कळदा निघते.

झोपेसाठी उठण्याची वेळ रोज तीच ठेवा, रात्र कशीही गेली असली तरी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर पडू नका, आणि वीसेक मिनिटे नुसते पडून राहिल्यासारखे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी वाचा. घड्याळ मात्र पाहू नका. डोस उतरवल्यावर पहिल्या काही रात्री झोप बिघडेल. अशा वेळी मागच्या डोसावर परत जाण्याऐवजी डॉक्टरांना सांगून त्याच पायरीवर आणखी काही दिवस थांबावे आणि झोप स्थिरावली की पुढची पायरी उतरावी.